माझ्या हातची काबरी

आमच्या अंगणातला एखादा कोंबडा अंगानं भरला, त्याच्या मानेची पिसं तेल लावल्यासारखी चकाकायला लागली, की मी त्याच्याकडं बघायचं टाळायचे. कोंबडा तयार झाला म्हणजे पाहुणे येणार, आणि पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. दहावीचा निकाल लागल्यापासूनच्या दीड वर्षात आमच्याकडं कोंबडा दुसऱ्या कुठल्याच कारणानं कापला गेला नाही. लोक पंचांग बघून दिवस ठरवतात म्हणे. आमच्या घरात पंचांग नव्हतं, कोंबड्याचा तुरा बघून माझ्या लग्नाची बोलणी ठरायची. आणि गंमत अशी की ते कोंबडे वाढवणारी मीच. पिल्लू असल्यापासून त्यांना कण्या घालायच्या मी, घारीपासून राखायचे मी, आणि शेवटी "तुज्याच हाताला येतो, तूच धर" म्हणून धरून द्यायचा तोही मीच.

आमचं गाव राणीसावरगावापासून दोन कोसांवर. घर वस्तीच्या पार टोकाला. मातीच्या तीन खोल्या, पुढं पत्र्याचं सपार आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. घरात माणसं चार. अण्णा, म्हणजे माझे वडील, गंगाखेडला एका कचेरीत शिपाई होते. सकाळच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. सगळा गाव त्यांना अण्णाच म्हणायचा, मीही. माय लोकांच्या रानात कामाला जायची. दोघी मोठ्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या. आणि चौथी कौसाआत्या, अण्णांची धाकटी बहीण. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं तिला आणून सोडलं, आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाला, आणि त्याला पंधरा वर्षं झाली होती. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आत्या घरातलं पडेल ते काम करायची, खाली मान घालून. पण अंगणात आली की तिचा आवाज बदलायचा. कोंबड्या तिच्या होत्या. सात कोंबड्या, कधी एक कोंबडा, कधी दोन, आणि वर्षाच्या बारा महिन्यांत कुठल्या ना कुठल्या वयाची पिल्लं.

कोंबड्यांच्या बाबतीत ती फार कडक होती. शेजारी सुभद्राकाकूचं घर, मेंढरं-शेरडं राखणारं. त्यांचा भुरका कोंबडा कुंपणावरून आत उतरला की आत्या ढेकूळ भिरकावायची. आपल्या कोंबड्यांची जात बिघडते म्हणायची. आता बघा, आमच्या घरानं देव सोडले, जात सोडली, दरवर्षी जयंतीला अण्णा त्यावर तासभर भाषण करायचे आणि बायका टाळ्या वाजवायच्या. कोंबड्यांची जात मात्र आत्यानं शेवटपर्यंत पाळली. मी एकदा तिला हे तोंडावर म्हणून दाखवलं तर म्हणाली, "तू लय शिकलीस, म्हणून असं सुचायलंय तुला."

पिल्लांमध्ये कोंबडा कोणता आणि तलंग, म्हणजे पुढं कोंबडी होणारी, कोणती हे तिला तीन आठवड्यांत कळायचं. मला दीड महिना लागायचा. ज्याचे पाय जाड, जे छाती काढून उभं राहतं आणि ज्याच्या डोक्यावर गुलाबी रेघ लवकर उमटते, तो कोंबडा. कोंबडे जास्त झाले की आपसांत झुंजून रक्तबंबाळ व्हायचे आणि कोंबड्यांना असे हैराण करायचे की त्यांच्या पाठीवरची पिसं जाऊन कातडी दिसायची. मग आत्या एकाला डाल्याखाली झाकायची, दुसऱ्याचा पाय दोरीनं खुंटीला बांधायची, आणि एक दिवसाआड दोघांची अदलाबदल करायची. बांधलेला कोंबडा दिवसभर दोरीच्या टोकापर्यंत जायचा, ओढ बसली की मागं यायचा, पुन्हा जायचा. मी सपारात बसून ज्वारी निवडताना त्याच्याकडं बघत बसायचे आणि मला त्याचा राग यायचा. कळत नाही का याला, दोरी आहे म्हणून?

सकाळी सातच्या सुमाराला फाट्यावर एसटीचा भोंगा वाजायचा. त्या एसटीत अण्णा असायचे, आणि माझ्या वर्गातली सुनंदाही. ती गंगाखेडला कॉलेजला जायची. मला तिच्यापेक्षा वीस मार्क जास्त होते. मी एकदाच अण्णांजवळ विषय काढला, तोही मायच्या आडून. अण्णा जेवत होते. "स्टँडवर काय काय चालतं ते मी रोज बघतो," म्हणाले, "दहावी झाली, बस झालं." जयंतीच्या भाषणात ते पोरींच्या शिक्षणावर इतकं चांगलं बोलायचे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्याही यायचं. आज वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं, फक्त ज्या पोरींबद्दल ते बोलायचे त्यांत मी नव्हते. तेव्हा एवढा समजूतदारपणा कुठला असायला. तेव्हा मला फक्त चीड यायची, आणि ती काढायला जागा नव्हती. सपार, चूल, आड, उकिरडा, कुंपण, एवढंच माझं शिवार. राणीसावरगावच्या शाळेच्या वाटेवरचं एकेक झाड मला पाठ होतं, आणि त्या वाटेला पाऊल टाकायला आता काही सबब उरली नव्हती.

पाहुणे यायच्या दिवशी माय सकाळपासून येसर भाजायची. धने, बाजरी, डाळ, खोबरं भाजून उखळात कुटल्याचा आवाज आणि तो खमंग वास सगळ्या गल्लीत जायचा, त्यावरून गावाला कळायचं की आज विमलला बघायला येणार. कोंबडा मी धरायचा. "ये ये ये" म्हणून मूठ पुढं केली की तो बिचारा धावत यायचा. कापायला अण्णांचा एक मित्र यायचा. मी आत जाऊन मुद्दाम भांडी घासायला काढायचे, आवाज ऐकू नये म्हणून. मग तोच कोंबडा मी शिजवायचा, मीच वाढायचा, आणि हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर बसायचं. पहिल्या खेपेचे पाहुणे रस्सा तीन-तीनदा मागून प्याले. "कालवण कुणी केलं?" विचारलं. मायनं माझ्याकडं बोट दाखवलं. कळवतो म्हणून गेले आणि पोरगी सावळी आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या खेपेच्यांनी दहावी म्हणजे जास्तच शिकली असं कळवलं. आत्या म्हणाली, "कोंबड्याला कुणी नाव ठेवलं न्हाई, तेवढं बरं." मी हसले. आमच्या घरात हसायला तेवढीच जागा होती.

तिसरे पाहुणे पाथरीकडचे. त्या वेळी अंगणात एकच कोंबडा राहिला होता, तांबडा, आत्याच्या जातीचा शेवटचा. आत्यानं अण्णांना सांगून बघितलं की बाजारातून आणा, हा राहू द्या. अण्णा म्हणाले, पाहुण्यांना घरचाच पाहिजे. तो कापला. आणि त्या लोकांनी मला पसंत केलं. मुलगा बऱ्यापैकी होता, मला आठवतो तो, खाली बघून जेवत होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला कुणी काही विचारलं नव्हतं, एवढीच तक्रार होती. मुलाची आई अंथरुणाला खिळलेली, तिला येणं जमत नव्हतं. तेव्हा असं ठरलं की सवडीनं मला पाथरीला न्यायचं, एक रात्र तिथं राहायचं, म्हातारीनं बघितलं की तिथंच पक्कं करायचं. अण्णा त्या दिवशी फार खूश होते. त्यांनी मायला चहात साखर जास्त घालायला सांगितलं.

तीनएक आठवड्यांनी काबरी खुडूक झाली. ठिपक्याठिपक्यांची ही कोंबडी आत्याची लाडकी. अंडी द्यायची थांबली, अंग फुलवून खुडखुड करत कोपऱ्यात बसून राहिली. खुडूक कोंबडीला अंडी द्यायची असतात, नाहीतर ती रिकाम्या जागेवरही बसून राहते. आत्याच्या बोटाला नखुरडं झालं होतं, हात सुजलेला, म्हणून तिनं मला सांगितलं, "तूच बसीव." मी टोपल्यात भुसकट घातलं, मध्ये खळगा केला, जमवलेली अकरा अंडी मांडली. अंडी विषम लागतात. आणि गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून टोपल्यात एक लोखंडी खिळा, एक कोळसा आणि एक लाल मिरची. अण्णा त्या खिळ्यावरून रोज आत्याला टोमणे मारायचे, पण टोपल्यात हात घालून तो काढून टाकायची त्यांची कधी छाती झाली नाही.

आत्याचा आणखी एक नेम होता. ज्याच्या हातानं कोंबडी बसली, त्याच्याच हातानं ती उठायची. एकवीस दिवस रोज त्याच माणसानं तिला टोपल्यातून काढायचं, भिजवलेली ज्वारी आणि पाणी द्यायचं, पुन्हा बसवायचं. हात बदलला की अंडी गार पडतात, असं ती मानायची. त्यामुळं त्या माणसानं परगावी मुक्कामाला जायचं नाही. त्याच संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "परवा रैवार हाय. विमलला घिऊन पाथरीला जायचं."

"कशी येईल ती?" आत्या म्हणाली. "तिच्या हातची कोंबडी बसलीय आज."

अण्णा चिडले. "आपण बौद्ध माणसं, आणि हे असलं काय धरून बसलीस कौसे?"

"आपण हाव. कोंबडी न्हाई."

माय तोंडाला पदर लावून हसली. अण्णांनी बूट कोपऱ्यात सारले. ते घरात सगळ्यांवर ओरडायचे, आत्यापुढं मात्र गप्प व्हायचे. पाथरीला निरोप गेला की महिनाभरानं येतो. मला एकवीस दिवस मिळाले. त्या रात्री मला छान झोप लागली.

आठव्या दिवशी मी अंडी बघितली. सपाराच्या पत्र्याला एक भोक होतं, दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा खाली यायचा. त्यात अंडं धरलं की आत जीव धरला असेल तर लाल शिरा दिसतात, मधोमध काळा ठिपका दिसतो. मी पहिलं धरलं. आत नुसतं पाणी. दुसरं, तिसरं, अकराच्या अकरा तशीच. मला कळायला वेळ लागला नाही. कोंबडा पाहुण्यांनी खाल्ला होता, आणि ही अंडी त्यानंतरच्या दिवसांतली. एकदा कोंबडा लागला की कोंबडीला दोन महिने पुरतो, असा आत्याचा ठाम समज होता. दहा-बारा दिवसांच्या पुढं तो टिकत नाही, हे मला फार उशिरा, एका पशुवैद्याकडून कळलं. तो समज आणि भुरक्या कोंबड्यावर भिरकावलेली तिची ढेकळं, दोन्हींपायी ती अंडी वांझ गेली होती.

मी आत्याला सांगायला उठलेही. ती दारात बसून सुजलेल्या बोटावर कांदा बांधत होती. आणि माझ्या मनात आलं, सांगितलं तर ती काबरीला उठवील आणि मी पाथरीला जायला मोकळी होईन; गुपचूप अंडी बदलली तर एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील. मी तशीच मागं फिरले. काट्यांच्या फटीतून सुभद्राकाकूला हाक मारली, तिच्याकडून अकरा अंडी बदलून घेतली. काकू हसून म्हणाली, "तुमचा कोंबडा पाथरीला गेला न्हवं?" काबरी ज्वारी टिपत होती तेवढ्यात मी तिची अंडी काढून काकूची ठेवली. ती आली, चोचीनं दोन अंडी पोटाखाली ओढून घेतली, आणि डोळे मिटून बसली. तिला काही फरक पडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी माझ्या मनानं केलं होतं, आणि ते असलं होतं.

एकविसावा दिवस आला. आत्या कोळशानं भिंतीवर रेघा ओढायची, तिला दिवस पाठ होते. ती टोपल्याजवळ वाकली, कान लावला आणि उठली. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अजून न्हाई फुटली." ती म्हणाली, "गारठा लय हाय औंदा." संध्याकाळी अण्णांनी विचारलं तेव्हाही तिनं हेच सांगितलं, गारठा आहे, उशीर लागतोय. अण्णांना कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "माणसं तिकडं वाट बघायलीत." मला वाटलं, आत्याला मी फसवलं. किती बावळट होते मी.

आता परभणीला माझ्या मुलाच्या घराशेजारी एक जण उबवणीचं यंत्र वापरतो. आत दिवा असतो, अंडी आपोआप फिरतात, एकविसाव्या दिवशी झाकण उघडलं की पिल्लं. तो मला कौतुकानं दाखवतो. मी बरं म्हणते आणि लवकर निघते. त्या यंत्रात कोणी बसलेलं नसतं, ते मला बरं वाटतं. कारण बसलेल्या कोंबडीचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. काबरी दिवसातून एकदा, जेमतेम दहा मिनिटं उठायची, तेही मी उचललं तर. पंचविसाव्या दिवशी तिला उचललं तर हातात नुसती पिसं आल्यासारखं वाटलं. तुरा पांढरट पडला होता. पोटाखालची पिसं गळून कातडी लाल झाली होती. मी तिला जास्तीची ज्वारी घालायचे, ती दोन दाणे टिपून पुन्हा टोपल्याकडं पळायची. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. तिला मी फसवलं होतं, आणि ती मला टोचतही नव्हती.

काकूची अंडी बसून एकोणीस दिवस झाले. सकाळी काबरी खात असताना मी एक अंडं उचललं. ते हातात हललं. कानाला लावलं तर आतून अगदी बारीक, चिक् असा आवाज आला. पिल्लू फुटायच्या आधी एक-दोन दिवस आतून बोलतं, हे मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळीच अण्णा म्हणाले होते की येत्या रविवारपर्यंत तरी पिल्लं निघतीलच, ती निघाली की जायचं, जीप सांगितली आहे. मी ते अंडं कानाला धरून किती वेळ बसले कोण जाणे. मग मी अकराच्या अकरा अंडी पदरात घेतली. टोपल्यात आमच्याच कोंबड्यांची ताजी अंडी ठेवली, आत पाणी असलेली, कधीच न फुटणारी. आणि पदरातली अंडी उकिरड्यावर नेऊन, शेणात आणि कडब्याच्या चुऱ्यात वीतभर खोल पुरली. फोडायचं धाडस झालं नाही. पुरली म्हणजे मी मारली नाहीत, आपोआप गार होतील, अशी मी मनाची समजूत घातली. त्या दिवशी मी ताटातली भाकरी कुस्करून कोंबड्यांना टाकली. मायनं विचारलं तर पोट दुखतंय म्हटलं.

उकिरडा आतून किती गरम असतो, हे रोज त्यावर शेण टाकणाऱ्या मला सुचलं नाही. थंडीच्या सकाळी त्यातून वाफ निघताना मी शेकडो वेळा बघितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डबा घेऊन एसटीला निघाले. कुंपणाची झापी उघडता उघडता थांबले. उकिरडा तिथंच बाजूला होता. "हे काय वरडायलंय?" म्हणाले. मी चुलीपाशी होते, माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडली तशीच राहिली. अण्णांनी छत्रीच्या टोकानं कडबा उकरला. शेणानं माखलेलं, ओलं, डोळे मिटलेलं एक पिल्लू वर आलं. मग दुसरं, मग तिसरं. खाली बाकीची अंडी होती, काही अर्धी फुटून तशीच थांबलेली.

"कौसे," अण्णांनी हाक मारली, "उकिरड्यात पिल्लं कुठून आली?"

आत्या आली. तिनं पिल्लांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग सपारात गेली, काबरीला एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं एक अंडं घेऊन उजेडाला धरलं. "पाणी हाय," म्हणाली. "कवा बदललीस?"

"परवा."

"आन त्याच्या आदी?"

"आठव्या दिशी."

तिनं मान हलवली. "वाटलंच मला." तिनं ती तीन पिल्लं पदरानं पुसली आणि काबरीच्या पोटाखाली सरकवली. अण्णांना सगळं उमजायला थोडा वेळ लागला. ते सपारातल्या बाजेवर बसले. फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला, ते उठले नाहीत. माय आडावरून घागर घेऊन आली आणि घागर न उतरवता तशीच उभी राहिली.

"पाथरीला जायचं न्हवतं म्हणून हे सगळं?" अण्णांनी विचारलं. मी मान हलवली.

"तोंड हाय न्हवं तुला? तोंडानं सांगता येत न्हवतं, नको म्हणून?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस, अण्णा?"

अण्णांनी विचार केला. खरंच केला, मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. "न्हाई," म्हणाले. माझे वडील खोटं बोलणारे नव्हते. मग ते माझ्याकडं वळले. आवाज चढलेला नव्हता, उलट बराच मऊ होता. "आता इचारतो. सांग. पाथरी पायजे का नको?"

दीड वर्ष मी या एका प्रश्नाची वाट बघत होते. सपारात ज्वारी निवडताना किती वेळा मी मनात त्याचं उत्तर घोकलं होतं, पुऱ्या वाक्यात, कॉलेजसकट. आणि आता तो समोर आला तर माझी जीभ उचलेना. मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. मला रडूही येईना. कुणी माझा गळा धरला नव्हता, दारात कुणी उभं नव्हतं, सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते, आणि मला बोलता येत नव्हतं. त्याइतकी अडकलेली मी त्या कुंपणात कधीच नव्हते.

अण्णा शेवटी उठले. "गप हाय. म्हंजी हो हाय," म्हणाले. "पिल्लं बी निघाली आता. रैवारी निघू."

"ती नको म्हणायलीय," आत्या म्हणाली.

"ती एक शबूद बोलंना."

"मला ऐकू आलं." आत्या काबरीच्या टोपल्याशेजारी खाली बसली होती, वर बघतही नव्हती. "मला इचारलं तवा मी बी अशीच हुबी हुते, चुलीपाशी. आपली माय म्हणली, पोरगी गप हाय म्हंजी हो हाय. तू मान हलीवलीस, अण्णा. तवा कुणालाच ऐकू आलं न्हाई. हिचं मला आलं."

पंधरा वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मायनं घागर खाली ठेवली. अण्णा झापीकडं गेले, परत आले, टोपी काढली, पुन्हा घातली. एसटी निघून गेली होती. ते त्या दिवशी कचेरीला गेले नाहीत, दिवसभर बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी उठून राणीसावरगावला चालत गेले आणि पाथरीला निरोप धाडून आले. काय निरोप दिला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रविवारी जीप आली नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, मग मी कॉलेजला गेले असेन. नाही गेले. पाथरी टळली, एवढंच झालं. अण्णा आत्याशी महिनाभर बोलले नाहीत, माझ्याशी त्याहून जास्त दिवस. मी आणखी चार वर्षं त्याच कुंपणात होते. पुढं गंगाखेडला लग्न झालं, संसार झाला, अंगणवाडीत नोकरी केली, दोन्ही मुली पदवीधर केल्या. त्या अकरा अंड्यांतली तीन वाचली आणि आठ मी मारली, हे मात्र त्या घराबाहेर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलींनाही नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

त्या गोष्टीला सात-आठ दिवस झाले असतील. काबरी तीन पिल्लं घेऊन अंगणात हिंडत होती, पाय अजून लटपटत होते, पण तुऱ्यात थोडा रंग आला होता. पिल्लं काकूच्या भुरक्या कोंबड्याची होती. आत्यानं ढेकूळ उचललं नाही. आम्ही दोघी सपारात तूर पाखडत बसलो होतो. घरात कुणी नव्हतं. मी विचारलं, "आत्या, खरंच ऐकू आलं का तुला? मी तर काय बोललेच न्हवते. त्या घटकेला मी हो म्हणणार हुते का न्हाई, ते मलाच ठाव न्हवतं."

तिनं सुपातलं भुसकट फुंकून टाकलं.

"न्हाई गं," म्हणाली. "मला माझंच ऐकू आलं."